कोणती कळ सोसायची?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती १९१७ सालची गोलाकार इमारत आणि बाहेर फुटणाऱ्या रस्त्यांवर सोनंनाणं, चपला, खाण्याचे जिन्नस यांचा बाजार. आसपासच्या खेड्यांतल्या कित्येक पिढ्यांचे कान इथल्या सराफांकडे टोचले गेले आहेत. आजीच्या मांडीवर तान्हं बाळ, सोनाराच्या हातात टोक घासून अणकुचीदार केलेली सोन्याची बारीक तार, एक कळ, एक टाहो, आणि लगेच जिभेवर साखर. नांदेडच्या सराफ्यातही कान असेच टोचले जात आले.

याच शहरांत शिकायला आलेल्या तरुण मुलामुलींच्या मनात आता आणखी काही असतं. भुवईवर आडवी बारीक दांडी, मानेच्या मागे दोन चकाकते मणी, हासळीच्या हाडाखाली एखादा खडा. याला सरफेस पिअर्सिंग म्हणतात. पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादला जाऊन ते करून घेता येतं. ते कसं दिसेल हे मोबाईलवर सहज पाहायला मिळतं. ते कसं दुखेल, किती दिवस दुखेल आणि त्या दुखण्याचं करायचं काय, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. त्यासाठीच हे प्रकरण आहे.

आपल्याकडे सोसण्याला फार मान आहे. हूं की चूं न करता जी सोसते तिचं कौतुक होतं, आणि तेच मुलींना लहानपणापासून शिकवलं जातं. शरीर टोचून घेण्याच्या बाबतीत ही शिकवण अर्धीच कामाची आहे. टोचताना येणारी कळ सोसता येते आणि ती सुसह्य करण्याचे चांगले उपायही आहेत. टोचल्यानंतर काही दिवसांनी किंवा महिन्यांनी उठणारा ठणका मात्र सोसायचा नसतो, तो ऐकायचा असतो. या दोन दुखण्यांतला फरक ज्याला कळला, त्याला या विषयातलं निम्मं तरी कळलं.

कानाची पाळी आणि मानेची कातडी

कानाच्या पाळीला दोन बाजू असतात. तार पुढून जाते आणि मागून बाहेर येते. मधला मार्ग काही मिलिमीटरचा, सरळ, आणि पाळीत कूर्चा नसल्यामुळे मऊ. नाकपुडीचंही तसंच. मानेच्या कातडीला अशी पाठची बाजू नाही. तिथे सुई एका ठिकाणी आत शिरते, कातडीखालून आडवी जाते आणि थोड्या अंतरावर त्याच बाजूला बाहेर येते. म्हणजे दागिन्याचा मोठा भाग कातडीच्या आत आडवा पडून राहतो.

आपल्या त्वचेचे दोन थर इथे महत्त्वाचे आहेत. वरचा पातळ थर सतत झिजतो आणि नव्याने तयार होतो. त्याखालचा जाड थर कोलॅजेनच्या चिवट तंतूंचा असतो. शरीरावर जागोजागी त्याची जाडी वेगवेगळी असते. पापणीवर तो सर्वांत पातळ, पाठीवर चांगला जाड. दागिना बसवल्यावर वरच्या थरातल्या पेशी दोन्ही भोकांच्या कडेने आत सरकू लागतात आणि हळूहळू दागिन्याभोवती कातडीची एक नळी तयार करतात. ही नळी पूर्ण झाली की भोक ‘मुरलं’. कानाच्या पाळीत याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, नाकपुडीला काही महिने, बेंबीला सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत. सरफेस पिअर्सिंगला निदान तेवढा काळ लागतो आणि अनेकदा ते कधीच पुरतं मुरत नाही.

शरीर प्रत्येक परक्या वस्तूला बाहेर ढकलायला बघतं. पायात मोडलेला बाभळीचा काटा काही दिवसांनी आपोआप वर येतो, ते याच धडपडीमुळे. आडव्या दांडीच्या वर कातडीचा पातळ पापुद्राच असल्यामुळे तिला वर ढकलणं शरीराला सोपं जातं. दांडी सरळ असेल तर तिची टोकं भोकांच्या कडांवर सतत दाब देतात आणि हे काम आणखी लवकर होतं. म्हणून सरफेस पिअर्सिंगसाठी दोन्ही टोकं काटकोनात वर वळवलेली, स्टेपलरच्या पिनेच्या आकाराची दांडी वापरतात. तिचा आडवा भाग आत सपाट पडून राहतो आणि टोकं सरळ वर येतात. दुसरा प्रकार मायक्रोडर्मलचा. त्यात एकच भोक असतं आणि आत छिद्रं असलेली एक चिमुकली पट्टी बसवतात. त्या छिद्रांतून ऊती वाढतात आणि पट्टी धरून ठेवतात. या दोन्ही रचना शरीराचा नकार लांबवतात, कायमचा टाळत नाहीत.

सुश्रुताचं ऊन

कान टोचण्याचं आपल्याकडचं सर्वांत तपशीलवार वर्णन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सोळाव्या अध्यायात आहे. बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की शुक्ल पक्षातला चांगला दिवस पाहायचा. बाळाला दाईच्या मांडीवर बसवायचं आणि खेळणी दाखवून त्याचं मन रमवायचं. मग वैद्याने डाव्या हाताने कान ओढून धरायचा आणि उन्हात पाळीतून उजेड आरपार दिसतो अशी नैसर्गिक जागा शोधून उजव्या हाताने सरळ टोचायचं. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. नंतर भोकात कापसाची वात घालायची, तेलाचं सिंचन करायचं आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड वात घालत जायची.

आजच्या ज्ञानाच्या उजेडात हे वाचलं की त्यातला विचार स्पष्ट दिसतो. उन्हात पाळी धरली की रक्तवाहिन्या गडद दिसतात आणि त्या चुकवता येतात. जागा चुकली तर रक्त जास्त जातं आणि वेदना होतात, हे सुश्रुताने सांगितलं आहे. खेळणं दाखवणं हा वेदना कमी करण्याचा उपायच होता, कारण दुसरीकडे गुंतलेल्या मनाला कळ कमी जाणवते. आणि भोक एकदम मोठं न करता टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात ऊतींचा मान राखणं आहे. त्याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती दिल्या आहेत. म्हणजे बिघडलं तर दुरुस्ती कशी करायची, याचा विचार टोचण्याच्याच प्रकरणात केलेला आहे.

दागिन्याच्या वजनाचा विचार आपल्या बायकांनीही केला. जड कर्णफुलांना आधार म्हणून मोत्यांचे वेल आले, जे कानावरून केसांत अडकवतात आणि पाळीवरचा ताण घेतात. किनवट, माहूर, मुखेड भागातल्या तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांची घुगरी आणि टोपली गालांच्या दोन्ही बाजूंना रुळतात, पण त्यांचं वजन केसांवर असतं. ज्यांना असा आधार मिळाला नाही त्या अनेक आज्यांच्या पाळ्या ओघळून भोकाच्या चिरा झालेल्या दिसतात. ती चीर आज जागा बधिर करून छोट्या शस्त्रक्रियेने जोडता येते.

कानाच्या वरच्या कडेला मात्र कूर्चा असते. बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी तिथे घालतात. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे जंतू शिरले तर शरीराची कुमक उशिरा पोहोचते. स्यूडोमोनास नावाचे जंतू तिथे शिरले तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. दुकानांत वापरली जाणारी टोचायची बंदूक बोथट दागिना जोराने आत घुसवते आणि कूर्चा चिरडते. वरच्या कानाला बंदूक लावू देऊ नये.

टोचून न घेण्याचीही परंपरा आहे, आणि तिचं एक मोठं तीर्थ नांदेडमध्येच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी जिथे देह ठेवला, तिथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब उभं आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ साली मान्य केलेल्या शीख रहत मर्यादेत दागिन्यांसाठी नाक-कान टोचण्याला स्त्री-पुरुष दोघांनाही मनाई आहे. एकाच गावात सराफाची तार आणि ही मर्यादा शेजारी शेजारी नांदतात. शरीर टोचावं की नाही, या प्रश्नाला आपल्या मातीत दोन्ही उत्तरं आदराने दिली गेली आहेत.

पाठीतला गळ

पाठीच्या कातडीत आडवं टोचणं आपल्याला नवं नाही. जत्रेतला गळ हे त्याचं जुनं रूप. पाठीच्या कातडीत लोखंडी आकडे अडकवायचे आणि नवस केलेल्या माणसाला उंच आडव्या लाकडावरून अधांतरी फिरवायचं, याला बगाड म्हणत. वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड आजही निघतं. गळ टोचण्याऐवजी माणसाला बांधून फिरवण्याची पद्धत आता अनेक गावांनी स्वीकारली आहे. मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा कमंगर इथे मांगीरबाबाच्या चैत्रातल्या यात्रेत पाठीत गळ टोचून नवस फेडण्याची प्रथा चालत आली, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तिला सातत्याने विरोध केला.

या गळाने वेदनेच्या विज्ञानातही एक जागा मिळवली, आणि तिथवर तो एका मराठी अभ्यासकामुळे पोहोचला. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून काम केलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती होते, पण खेडोपाडी पायी हिंडून त्यांनी जिवंत प्रथांतून प्राचीन इतिहास वाचला. जून १९६६ मध्ये ते वारले. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांचा ‘लिव्हिंग प्रीहिस्टरी इन इंडिया’ हा लेख आला. त्यात बगाडाची माहिती होती. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी ती वाचली आणि वेदनेवरच्या आपल्या पुस्तकात तिचा दाखला दिला. पाठीत आकडे असलेला माणूस वेदनेने विव्हळताना दिसत नाही, उलट भारावलेला दिसतो, हे त्यांना फार मोलाचं वाटलं. जखम जेवढी, वेदना तेवढी, हे जुनं गणित चुकीचं आहे, असं मेलझॅक सांगत होते. बगाड हा त्याचा ठसठशीत पुरावा होता.

अलीकडे मॉरिशसमधल्या तमिळ लोकांच्या कावडी उत्सवाचा अभ्यास झाला. तिथे भाविक गाल, जीभ, पाठ टोचून घेऊन कावड वाहतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असं दिसलं, की केवळ सामूहिक प्रार्थनेला बसलेल्यांपेक्षा या कठीण विधीतून गेलेल्यांनी, आणि त्यांच्यासोबत चाललेल्यांनीही, मंदिराला जास्त दान दिलं. सगळ्यांसमोर, सगळ्यांसोबत सोसलेली वेदना माणसांना जवळ आणते.

तरी एक गोष्ट श्रद्धेच्या हातात नसते. मन वेदना थोपवू शकतं, पण गंजलेल्या आकड्यावरचे धनुर्वाताचे जंतू मनाचं ऐकत नाहीत. भाविकाला कळ जाणवली नाही, म्हणून त्याची जखम लहान होत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर चारच दिवसांत महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. जीव धोक्यात घालणाऱ्या किंवा शरीराला गंभीर इजा करणाऱ्या अघोरी प्रथांना त्याने सहा महिने ते सात वर्षांची शिक्षा ठेवली. धार्मिक रिवाजानुसार मुलांचे कान-नाक टोचणं मात्र कायद्याने स्पष्टपणे बाहेर ठेवलं. कळ देणारी प्रत्येक गोष्ट गुन्हा नाही आणि श्रद्धेने केलेली प्रत्येक गोष्ट निरुपद्रवी नाही, हा विवेक या कायद्यात आहे. स्वतःच्या शरीराबद्दल ठरवताना आपणही तो पाळायला हवा.

मेंदूपर्यंतचा रस्ता

सुई कातडीत शिरते तेव्हा तिथल्या चेतातंतूंची टोकं जागी होतात. वेदना वाहून नेणारे तंतू दोन जातीचे. ए-डेल्टा तंतूंना पातळ वेष्टण असतं आणि ते सेकंदाला पाच ते तीस मीटर वेगाने संदेश नेतात. सी तंतूंना वेष्टण नसतं. त्यांचा वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. उंबऱ्याला पायाचं बोट ठेचतं तेव्हा आधी एक तीक्ष्ण चमक येते आणि क्षणभराने खोल, पसरणारी वेदना चढते, ती या वेगातल्या फरकामुळे. पिअर्सिंगमध्येही हे दोन टप्पे असतात. सुईची कळ दोन-तीन सेकंदांची. त्यापाठोपाठ दागिना आत सरकवताना एक दाब आणि आग. मग काही तास जागा गरम राहते आणि चुरचुरते. या शेवटच्या टप्प्यात दुखावलेल्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकिनिन, हिस्टामिन अशी रसायनं बाहेर पडतात. ती चेतातंतूंना हळवं करतात आणि दुरुस्तीसाठी रक्त खेचून आणतात. थोडी सूज आणि लाली म्हणजे दुरुस्ती सुरू झाल्याची खूण.

१९६५ मध्ये मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’मध्ये एक सिद्धांत मांडला. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे जाड तंतू ते थोडं लोटून घेतात. मेंदूकडून खाली येणारे संदेशही ते उघडतात किंवा बंद करतात. दुखऱ्या जागेच्या आसपास चोळल्यावर बरं वाटतं ते यामुळे. भीती फाटक उघडते, विश्वास आणि गुंतलेलं मन ते लोटून घेतं. १९७५ मध्ये शरीर स्वतःच तयार करत असलेली अफूसारखी वेदनाशामकं सापडली. १९७८ मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात दिसलं, की औषध म्हणून दिलेल्या नुसत्या सलाईननेही काहींची वेदना कमी होते, आणि त्या नैसर्गिक वेदनाशामकांना अडवणारं नॅलोक्सोन दिलं की हा आराम ओसरतो. मनाचा दिलासा शरीरात रसायन होऊन उतरतो, याचा हा पुरावा.

अर्थ बदलला की वेदना बदलते, हे दुसऱ्या महायुद्धातही दिसलं होतं. हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरने इटलीच्या आघाडीवरच्या गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी वेदनाशामक नको म्हटलं. त्यांच्यासाठी ती जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याची सुटका होती. स्वतः निवडलेली, कारण माहीत असलेली, किती वेळ टिकेल हे ठाऊक असलेली वेदना लादलेल्या वेदनेपेक्षा हलकी वाटते. म्हणूनच मैत्रिणींच्या आग्रहाखातर किंवा कोणाला दाखवून देण्यासाठी टोचून घेणाऱ्याला जास्त दुखण्याची शक्यता असते.

टोचून घेताना

सरफेस पिअर्सिंग करायचं ठरवलंच असेल, तर पहिला प्रश्न जागेचा. तिथली कातडी दोन बोटांच्या चिमटीत सहज उचलली जाते का? ताणलेली, हाडाला घट्ट चिकटलेली कातडी दांडी धरत नाही. हासळीच्या हाडाजवळ पुस्तकांच्या पिशवीचा पट्टा घासतो का? मानेच्या मागे ब्लाउजचा गळा किंवा वेणी अडकते का? छातीच्या मधोमध आणि खांद्यावर केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढणारा कठीण व्रण, उठण्याची शक्यता जास्त. सावळ्या त्वचेत ही प्रवृत्ती अधिक आढळते आणि ती घराण्यातही चालते. कान टोचल्यावर घरात कोणाला गाठ आली असेल, तर सरफेस पिअर्सिंगचा विचार सोडून द्यावा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

दुसरा प्रश्न सुईचा. ती पोकळ आणि एकदाच वापरायची असावी, आणि बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली असावी. अवजारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे १२१ अंश सेल्सियसच्या दाबयुक्त वाफेत पंधरा-वीस मिनिटं निर्जंतुक केलेली हवीत. पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला दिसतो, तो पाहून घ्यावा. स्पिरिटमध्ये बुडवून काढलेल्या सुईवर भरवसा ठेवू नये. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरतात. हिपॅटायटिस बीची आणि धनुर्वाताची लस आधीच घ्यावी. दागिना इम्प्लांटसाठी वापरतात त्या दर्जाच्या टायटॅनियमचा असावा. निकेल मिसळलेल्या धातूने अनेकांना खाज आणि पुरळ येतं. आपलं बावीस कॅरेट सोनं कानाला चालत आलं, पण ते मऊ असतं आणि कातडीखाली आडवं राहण्याच्या कामाचं नाही.

आता कळेची तयारी. उपाशीपोटी जाऊ नये. दोन तास आधी भाकरी, भाजी, वरण असं साधं जेवण आणि भरपूर पाणी. दारू किंवा ॲस्पिरिन घेऊ नये, दोन्हींनी रक्तस्राव वाढतो. आडवं पडून टोचून घ्यावं. सुई जाताना खोल घेतलेला श्वास सावकाश सोडावा. टोचणारा चांगला असेल तर तो तुमच्या उच्छ्वासाशी हात जुळवतो. सुईकडे पाहण्याने भीती वाढत असेल तर छताकडे पाहून मनात पाढा म्हणावा. जिच्यावर विश्वास आहे तिचा हात धरावा. २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, नवऱ्याचा हात धरलेल्या स्त्रियांच्या मेंदूतली धोक्याची प्रतिक्रिया मंदावलेली दिसली, आणि ज्यांचं नातं सुखाचं होतं त्यांच्यात जास्त.

रक्त किंवा सुई पाहून काहींना घेरी येते. त्यांचा रक्तदाब अचानक उतरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात त्यावर सोपा व्यायाम सुचवला. हात, पोट आणि मांड्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग सैल सोडायचे, आणि असं पाच वेळा करायचं. घरी आठवडाभर सराव करून गेलं तर प्रसंगी उपयोगी पडतो. घेरी आलीच तर आडवं करून पाय वर उचलावेत. बर्फ लावू नये, त्याने कातडी कडक होते. बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारूनच लावावं, कारण ते वरचाच थर सुन्न करतं आणि काहींना त्याची ॲलर्जी असते.

नंतरचे महिने

टोचणं मिनिटाचं असतं, सांभाळणं महिन्यांचं. आणि सांभाळण्यासाठी सर्वांत आधी लागतं स्वच्छ पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून लातूरला पाणी आणावं लागलं होतं. टंचाईच्या दिवसांत टँकरचं पाणी टाकीत, टाकीतून पिंपात, पिंपातून बादलीत असा प्रवास करतं. ते जखमेवर वापरू नये. औषधाच्या दुकानात निर्जंतुक नॉर्मल सलाईन मिळतं, त्यात मीठ ०.९ टक्के असतं, शरीराच्या द्रवांइतकं. ते मिळालं नाही तर उकळून थंड केलेलं पाणी. हात साबणाने धुवावेत, दिवसातून दोनदा सलाईनने खपली मऊ करावी, स्वच्छ गॉजने टिपावं आणि नंतर हात लावू नये. दांडी फिरवणं, ओढून पाहणं, रोज स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावणं, या सगळ्यांनी नव्या पेशी मरतात.

खोबरेल तेल आणि हळद, कडुलिंबाची काडी, हे कान टोचल्यानंतरचे घरचे उपाय. आजीची माया त्यात असते. पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि तेलाने लांब, आडवं भोक बुजून आत ओल साचते. बिब्बा तर अजिबात लावू नये, त्याने कातडी भाजते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा घाम आणि कपड्याचं घासणं हे दोन नवे शत्रू येतात. शक्य असेल तर पिअर्सिंग हिवाळ्याच्या तोंडावर करावं.

लातूरच्या शिकवणी वर्गांतल्या मुलामुलींसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या अकरा दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या टाळूला संशोधकांनी एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या काळात सारख्याच छोट्या जखमा केल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात परीक्षेतल्या जखमा भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. ताणाने जखम भरणं मंदावतं. ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या तोंडावर शरीरावर नवी जखम करून घेऊ नये.

पहिले तीन-चार दिवस जागा हुळहुळते, किंचित सुजते, पांढरट-पिवळसर पातळ स्राव वाळून खपली धरते. हे सोसायचं. त्यानंतर दुखणं दिवसागणिक उतरत जायला हवं. ते वाढत गेलं, जागा ठसठसू लागली, लाली पसरू लागली, घट्ट हिरवा किंवा दुर्गंधीचा पू आला, ताप आला, किंवा जागेपासून लाल रेघ निघालेली दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. नांदेडमध्ये विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. पू असताना दागिना आपल्या हाताने काढू नये, भोक मिटून पू आत कोंडला जाऊ शकतो.

आणखी एक खूण दुखत नाही, म्हणून दुर्लक्षित राहते. दोन मण्यांमधलं अंतर कमी होऊ लागतं, भोकं रुंदावतात, दांडी कातडीतून निळसर दिसायला लागते, वरची कातडी पातळ आणि तुकतुकीत होते. शरीराने नकार दिला आहे. या टप्प्यावर डॉक्टरकडून किंवा जाणत्या पिअर्सरकडून दांडी काढून घेतली तर लहानसा व्रण राहतो. हट्टाने ठेवली तर ती कातडी फाडून बाहेर येते आणि लांब चीर राहते. सहा महिने जपलेली, पैसे घालून केलेली गोष्ट काढताना वाईट वाटतं. पण शरीराने दिलेल्या नकारात तुमचा पराभव नसतो. जागा निवडण्यात किंवा काळजी घेण्यात काहीही चुकलं नसतानाही तो येऊ शकतो.

आई, आजी, मोठ्या बहिणी यांच्याकडे शेवटचं मागणं आहे. मुलीने न सांगता टोचून घेतलं म्हणून राग येईल, आणि ‘केलंस ना, आता सोस’ हे शब्द ओठांवर येतील. ते गिळून टाका. रागाच्या भीतीने मुली पू झालेली जागा ओढणीखाली लपवतात आणि साध्या औषधाने बरं झालं असतं ते वाढू देतात. आधी जागा उजेडात पाहा, ताप बघा, दवाखान्यात न्या. बोलायचं ते जखम भरल्यावर बोला.